तीन वर्षांची वाट

वाट पाहणे हा धर्मगुरूच्या जीवनाचा केवढा मोठा भाग आहे, हे गुरुविद्यालयातील कोणत्याही ग्रंथात आम्हांला वाचायला मिळाले नाही. उशिरा येणाऱ्या वऱ्हाडाची वाट, गळक्या छपरासाठी कंत्राटदाराची वाट, रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टरांच्या शब्दाची वाट आणि घर सोडून गेलेल्या मुलाच्या आईसोबत त्याच्या पत्राची वाट, अशा अनेक वाटा आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांच्या सोबतीने पाहत आलो. त्या सगळ्यांच्या कडेकडेने गेली वीस-बावीस वर्षे आम्ही आणखी एक वाट पाहत आहोत. ती ऐकून आमचे सहकारी धर्मगुरू मिश्कील हसतात. झाँ-पिएर आणि ल्यूक दार्देन या बेल्जियममधील दोन भावांच्या पुढच्या चित्रपटाची ती वाट आहे.

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी ही नावे ऐकली असतील. त्यांच्या चित्रपटांत गाणी नाहीत, नाच नाहीत, बहुतेक ठिकाणी पार्श्वसंगीतही नाही. भव्य देखावे नाहीत आणि शेवटी सारे सुरळीत झाल्याचा दिलासाही नाही. आहेत ती कामावरून काढलेली माणसे, पत्र्याच्या गाड्यांतून संसार मांडणाऱ्या बायका, चोरटेपणाने देशात आलेले मजूर आणि आईबापांनी टाकलेली मुले. अशा चित्रपटांची इतकी आतुरतेने वाट का पाहावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

झाँ-पिएर यांचा जन्म १९५१ सालचा, तर ल्यूक यांचा १९५४ सालचा. दोघे वाढले ते लिएज शहराच्या परिसरात, म्यूझ नदीच्या काठी, एका कॅथलिक कुटुंबात. थोरल्याने नाट्यकलेचे शिक्षण घेतले, धाकट्याने तत्त्वज्ञानाचे. या नदीकाठी सेरँ नावाचे एक गाव आहे. १८१७ साली जॉन कॉकरिल नावाच्या उद्योजकाने तेथे कारखाना काढला आणि पुढे ते गाव युरोपातील पोलादाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. कोळसा, लोखंड, भोंगे आणि कामगारांच्या चाळी यांनी ते गजबजून गेले. १९६०-६१च्या हिवाळ्यात तेथे फार मोठा सार्वत्रिक संप झाला. नंतरच्या काळात एकेक खाण मिटली, एकेक भट्टी विझली. २०११ साली लिएजच्या उरलेल्या झोतभट्ट्याही कायमच्या बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्या वेळी त्या ज्या कंपनीच्या मालकीच्या होत्या, तिचे प्रमुख भारतात जन्मलेले उद्योगपती लक्ष्मी मित्तल होते. जग किती लहान झाले आहे, याची आठवण करून देणारी ही गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात १९८२चा संप आणि त्यानंतरची ओसाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सेरँच्या रस्त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. चिमणी थंडावली, की तिच्या सावलीत वाढलेल्या घरांतून पहिल्यांदा काय नाहीसे होते, हे त्यांना ठाऊक आहे. पगार तर जातोच. पण त्यासोबत बापाचा मुलावरील वचक जातो, शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरील विश्वास जातो.

दार्देन बंधूंनी आरंभी माहितीपट काढले. १९७९ सालच्या एका माहितीपटात त्यांनी एक जुना संपकरी कामगार दाखवला. त्याने स्वतःच्या हातांनी एक होडी बांधली आहे, आणि ती म्यूझच्या पात्रातून जाताना संपाच्या आठवणी उलगडत जातात. पुढे ते कथापटांकडे वळले. १९९२ साली आलेला त्यांचा दुसरा कथापट त्यांच्या स्वतःच्याच मनास उतरला नाही. तेव्हा त्यांनी ठरवले, की यापुढे चित्रपट काढायचा तर आपल्या रीतीने, आपल्या गावात आणि आपल्या आवाक्यातील पैशांत. १९९४ साली त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ ‘नदीचे चित्रपट’ असा होतो. आणि १९९६ साली ‘ला प्रोमेस’, म्हणजे ‘वचन’, हा त्यांचा चित्रपट आला.

त्यात इगोर नावाचा पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा पोर आहे. त्याचा बाप परदेशी मजुरांना चोरून आणतो, त्यांच्याकडून भाडे उकळतो आणि त्यांना राबवून घेतो. हमिदू नावाचा एक आफ्रिकी मजूर परांचीवरून पडतो. मरतेवेळी तो आपली बायको आणि तान्हे मूल या पोराच्या हवाली करतो. बाप ते मरण लपवतो. बापाशी इमान राखायचे, की मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा, एवढाच काय तो चित्रपटाचा विषय. हा चित्रपट आम्ही पुण्यातील एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, खुर्च्या कमी पडल्याने भिंतीला टेकून पाहिला. नीतिशास्त्राच्या तासाला कर्तव्यांच्या संघर्षावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. तो संघर्ष एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतो तरी कसा, हे मात्र त्या संध्याकाळी आम्ही पाहिले.

तेव्हापासून ही वाट सुरू झाली. तिला एक विलक्षण लय आहे. ‘वचन’ १९९६चा. त्यानंतर १९९९, २००२, २००५, २००८, २०११, २०१४ अशा दर तीन वर्षांनी मे महिन्यात फ्रान्समधील कान येथील महोत्सवात त्यांचा नवा चित्रपट येत गेला. एकदाच अंतर दोन वर्षांचे झाले आणि २०१६ साली चित्रपट आला. पुन्हा लय सावरून २०१९, २०२२ आणि २०२५. आमच्या वाचकांना तीन वर्षांची आवर्तने नवी नाहीत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली आपली रविवारची वाचनमाला तीन वर्षांची झाली : पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. एकदा सहज हिशेब मांडला, तेव्हा आम्ही चकित झालो. १९९६ ते २०१४ हे सातही चित्रपट मत्तयाच्या वर्षी आले. २०१६पासूनचे चारही लूकच्या वर्षी! हा केवळ योगायोग आहे, यात शंका नाही. त्या दोघा भावांनी उपासनेचे पंचांग पाहून चित्रपट काढलेले नाहीत. परंतु तीन वर्षांनी तेच शुभवर्तमान पुन्हा हाती येते, शब्द तेच असतात आणि वाचणारा मात्र तीन वर्षांनी थोरला झालेला असतो, हा अनुभव आम्हांला या चित्रपटांनीही दिला. तोच प्रदेश, तीच नदी, बहुधा तेच नट. आणि पाहणारे आम्ही मात्र दर वेळी निराळे.

नटांचेच घ्या. ‘वचन’मधील इगोर झालेला जेरेमी रेनिए २००५च्या ‘लाँफाँ’मध्ये, म्हणजे ‘बाळ’मध्ये, पुन्हा भेटतो, तो स्वतःचे तान्हे मूल पैशांसाठी विकणारा उनाड तरुण म्हणून. २०११च्या सायकलवाल्या मुलाच्या गोष्टीत तोच मुलाला अनाथालयात टाकून दार लावून घेणारा बाप आहे. ज्या पोराची आम्ही पंधरा वर्षांपूर्वी काळजी केली, त्याच चेहऱ्याचा हा बाप! एकाच धर्मग्रामात पुष्कळ वर्षे काढलेल्या धर्मगुरूला हा अनुभव परका नाही. ज्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी घातले, तोच पुढे पिऊन बायकोला मारतो, अशी तक्रार घेऊन त्याची आई दारात उभी राहते. अशा वेळी त्याच्या चेहऱ्यात ते तान्हे मूल शोधावे लागते. ते सापडले नाही, तर त्याच्याशी बोलण्यासारखे आपल्यापाशी काही उरत नाही.

एका सद्गृहस्थांनी, ते आमचे स्नेही आहेत म्हणून स्पष्टपणे, आम्हांला विचारले होते : “फादर, असली घाण पडद्यावर कशाला पाहायची? ती काय रस्त्यावर कमी आहे?” त्यांना आम्ही १९९९च्या ‘रोझेटा’ची गोष्ट सांगितली. रोझेटा ही दारुड्या आईसोबत गावाबाहेरच्या तळावर एका चाकांच्या गाडीत राहणारी मुलगी. चित्रपट सुरू होतो तोच तिला कामावरून काढल्याच्या क्षणी. आणि कॅमेरा तिच्या मानेमागे लागून धावत सुटतो. तळावर शिरण्यापूर्वी ती चांगले बूट लपवून ठेवते आणि रबरी बूट चढवते. तिला दान नको, दया नको. तिला काम हवे. ते मिळवण्यासाठी, जो एकुलता एक मुलगा तिच्याशी माणुसकीने वागला, त्याचीच लबाडी ती मालकाला सांगते आणि त्याची जागा पटकावते. ‘बिचारी’ म्हणून तिच्याकडे पाहण्याची सोय दिग्दर्शकांनी ठेवलेली नाही, आणि ‘वाईट’ म्हणून तिला बाजूला सारण्याचीही नाही. रस्त्यावर आपण अशा मुलीला पाहतो ते एवढ्याचसाठी, की चटकन ठरवून पुढे जाता यावे. येथे दीड तास तिच्या मानेमागून चालावे लागते आणि ठरवता काहीच येत नाही. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर इतकेच होते.

‘रोझेटा’ला कानचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पहिल्याच चित्रपटात काम करणाऱ्या, सतरा वर्षांच्या एमिली दकेन हिला अभिनयाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल्जियममध्ये तरुणांना पहिली नोकरी मिळवून देणारा कायदा झाला आणि ती योजना ‘रोझेटा’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. कायद्याची तयारी आधीपासून चालू होती; तो चित्रपटाने घडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एका सरकारी योजनेला एका गरीब मुलीचे नाव पडते, ही गोष्टही लहान नव्हे. कागदावर बेकारांचे आकडे असतात. त्यांना एक चेहरा मिळाला.

आता २००२च्या ‘ल फिस’बद्दल, म्हणजे ‘पुत्र’बद्दल, थोडे सविस्तर सांगतो, कारण आमची ही वाट निव्वळ छंद राहिली नाही, ती या चित्रपटामुळे. ओलिव्हिए हा सुतारकाम शिकवणारा शिक्षक. सुधारगृहातून सुटलेली मुले त्याच्याकडे शिकायला येतात. फ्रान्सिस नावाचा एक नवा मुलगा येतो, आणि पाच वर्षांपूर्वी आपल्या मुलाला मारणारा तो हाच, हे ओलिव्हिएला कळते. मुलाला ते ठाऊक नाही. ओलिव्हिए त्याला रंधा, करवत, मोजपट्टी शिकवतो. तो का शिकवतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. अखेर लाकडाच्या वखारीत तो सत्य सांगतो. मुलगा घाबरून पळतो, ओलिव्हिए त्याला गाठून जमिनीवर दाबतो, त्याचे हात मुलाच्या गळ्याशी जातात आणि थांबतात. थोड्या वेळाने तो गाडीत फळ्या भरू लागतो. मुलगा परत येतो आणि न बोलता मदतीला लागतो. चित्रपट तेथे संपतो. ‘क्षमा’ हा शब्द कुणीही उच्चारत नाही.

आमच्या धर्मग्रामात एका पित्याने आपला तरुण मुलगा रस्त्यावरील अपघातात गमावला होता. ज्याच्या गाडीखाली तो गेला, तो मुलगाही जवळच्याच आळीतला. दोन्ही कुटुंबे रविवारी एकाच मिस्साला येत आणि चर्चच्या दोन टोकांना बसत. त्या पित्याला आम्ही क्षमेविषयी प्रवचन दिले नाही. आमच्यापाशी या चित्रपटाची एक तबकडी होती. ती आम्ही दोघांनी एका दुपारी धर्मगुरुनिवासात पाहिली. मधे एकदा त्यांनी चहा नको म्हटले, एवढेच. चित्रपट संपल्यावर बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “फादर, त्याने माफ केलं असं नाही. फळ्या भरायच्या होत्या.” आणि उठून गेले.

या वाक्यावर आम्ही आजवर अनेक रात्री विचार केला आहे. क्षमा म्हणजे हृदयाचा एखादा उमाळा, असे आम्ही सांगत आलो आणि ते खोटे नव्हे. परंतु ज्याच्या हृदयात उमाळा येतच नाही, त्याच्यासाठी काय? त्याच्यासाठी कदाचित आधी एखादे काम असते, दोघांनी दोन टोके धरल्याशिवाय उचलत नाही असे. पुढल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी चर्चच्या आवारातील मांडव उतरवताना ते गृहस्थ आणि तो मुलगा एकच बांबू वाहून नेताना आम्ही पाहिले. दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते. ते एकमेकांचे मित्र झाले, असे लिहिता आले असते तर आम्हांला आनंद झाला असता. तसे काही झालेले नाही. रविवारी ती कुटुंबे अजूनही दोन टोकांना बसतात. पण बांबू मात्र त्या दोघांनी उचलला होता.

असे चित्रपट चटकन होत नाहीत, हे ओघानेच आले. दोघे भाऊ कथेवर दीर्घकाळ बोलतात, धाकटा लिहितो, पुन्हा बोलतात. चित्रीकरणापूर्वी महिनाभराहून अधिक काळ नटांसह प्रत्यक्ष जागांवर तालमी होतात. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होते. सोयीसाठी शेवट आधी आणि आरंभ नंतर, असे ते करत नाहीत. ‘पुत्र’चे चित्रीकरण चालू असता सेरँच्या रस्त्यावर त्यांना एक तरुणी दिसली. ती बाबागाडी दणादणा ढकलत दिवसभर येरझाऱ्या घालत होती. बाळाचा बाप कोठे असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला, आणि त्यातून ‘बाळ’ उभा राहिला. त्या चित्रपटाला कानचा सर्वोच्च सन्मान मिळाला, त्यांना दुसऱ्यांदा. रस्त्यावरची ती मुलगी आपणांपैकी कुणालाही दिसली असती. तीन वर्षे ती मनात वागवायची, तर सवडीची नव्हे, निष्ठेची गरज असते. आम्ही वाट पाहतो, तेव्हा तिकडेही कुणीतरी वाटच पाहत असते, एखाद्या माणसाचे कोडे उलगडण्याची.

दार वाजणे हा त्यांच्या चित्रपटांतील नेहमीचा प्रसंग. २०१४च्या ‘दोन दिवस, एक रात्र’मध्ये सांड्रा नावाची कामगार बाई शनिवार-रविवारी सहकाऱ्यांची दारे ठोठावत फिरते : तिची नोकरी राहावी, म्हणून त्यांनी प्रत्येकी एक हजार युरोंचा बोनस सोडावा, ही तिची विनंती. मागणारीला लाज वाटते, नाकारणाऱ्यालाही वाटते. आणि नाकारणारेही गरीबच असतात. २०१६च्या ‘अनोळखी मुलगी’त वेळ संपल्यानंतर दवाखान्याची घंटा वाजते आणि डॉक्टर बाई दार उघडू देत नाही. दुसऱ्या दिवशी नदीकाठी एका परदेशी मुलीचा मृतदेह सापडतो. घंटा तिनेच वाजवलेली असते. कायद्याने डॉक्टरचा काहीच दोष नाही. तरीही ती त्या मुलीचे नाव शोधत वणवण करते, निदान बेनाम पुरली जाऊ नये म्हणून. हा चित्रपट लूकच्या वर्षी आला. मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राचा दाखला त्याच वर्षी वाचला जातो. वाचकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

२०२५च्या मार्च महिन्यात एमिली दकेन कर्करोगाने वारली. तिचे वय ४३ होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी कान येथे दार्देन बंधूंचा ‘तरुण माता’ हा चित्रपट आला. लिएजजवळील एका मातृगृहात राहणाऱ्या कोवळ्या वयाच्या आयांची ही गोष्ट. आरंभी त्यांना एकाच मुलीची कथा सांगायची होती. अभ्यासासाठी ते अशा गृहात गेले, तेथे रमले आणि एकीच्या जागी पाच जणी झाल्या. पटकथेचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, तसाच ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त परीक्षकमंडळाचाही. ज्यांच्या मागच्या चित्रपटांतून मुले विकली गेली, टाकली गेली, त्यांच्या या चित्रपटात पाळण्याभोवती काही उजेड आहे. कुमारी मातांविषयी आपल्या घरांत दबल्या आवाजात जे बोलले जाते, ते ऐकत आलेल्या आम्हांला हा उजेड फार मोलाचा वाटला. त्यात उपदेश नाही. दूध पाजणे, झोपवणे, कपडे बदलणे आहे.

दोघेही भाऊ आता सत्तरी ओलांडलेले आहेत. तीन वर्षांची लय टिकली, तर पुढचा चित्रपट २०२८ साली यावा, पुन्हा लूकच्याच वर्षी. माणसाच्या आयुष्याचा हिशेब दिग्दर्शकांच्या हाती नाही आणि प्रेक्षकांच्याही नाही. म्हणून आम्ही एक करतो. मधल्या काळात जुने चित्रपट पुन्हा पाहतो, आणि धर्मग्रामातील ज्या माणसांविषयी आमचे मत पक्के झाले आहे, त्यांच्यापैकी एकाच्या मागून काही दिवस चालून पाहतो : तो सकाळी कोठे जातो, कोणाच्या दारी थांबतो, कोणते बूट लपवतो. बहुतेक वेळा मत बदलावे लागते.

पुढचा चित्रपट आला, तर आम्ही तो पाहूच. तोवर ज्या बाईची तक्रार आम्ही तीनदा ऐकली आहे, ती आज संध्याकाळी चौथ्यांदा येणार आहे. तिचे ऐकून घ्यायचे आहे.